नियमाची सुई, प्रेमाचा धागा

नियमाचा एक आवडता प्रश्न असतो : ‘किती?’ रविवारच्या मिस्साला किती उशिरा पोचले तरी चालते? प्रायश्चित्तकाळात किती दिवसांचा उपवास बंधनकारक आहे? मिळकतीचा कितवा हिस्सा दानात गेला म्हणजे आपण मोकळे झालो? असे प्रश्न विचारणारी माणसे वाईट नसतात. पुष्कळदा ती मनापासून भाविक असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनीही या प्रश्नांची मोठ्या काळजीने उत्तरे दिलेली आहेत. मिस्साचा कोणता भाग चुकला तर पाप हलके आणि कोणता चुकला तर गंभीर, याची मोजदाद त्यांत आढळते.

हा प्रश्न जुना आहे. संत पेत्राने तो प्रभूलाच विचारला होता. बांधवाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे होईल काय, असे त्याने विचारले तेव्हा आपण फार उदार आकडा सांगत आहोत अशीच त्याची समजूत असावी. प्रभूने उत्तरादाखल असा आकडा सांगितला की मोजणाऱ्याने मोजणेच सोडून द्यावे. एका शास्त्र्याने हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. माझा शेजारी कोण, असे विचारताना त्याला प्रत्यक्षात कुंपण कोठे घालावे हे जाणून घ्यायचे होते. कुंपणाच्या आत जे असतील त्यांच्यावर प्रीती करावी आणि बाहेरच्यांविषयी निश्चिंत असावे! प्रभूने त्याला चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी प्रश्नच उलटा केला. जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला? शेजारी हा शोधून काढायचा नसतो, आपण त्याचा शेजारी व्हायचे असते, हे त्या शास्त्र्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावे लागले.

आपल्या धर्मग्रामांत आज सत्कृत्यांची वाण नाही. गरजूंना मदत होते, आजाऱ्यांच्या भेटी होतात, विद्यार्थ्यांच्या फीची तजवीज होते. प्रश्न त्या कामांच्या मुळाशी काय आहे, हा आहे. नियम आहे म्हणून, पुण्य जमा होते म्हणून, की समोर माणूस आहे म्हणून? काम तेच होत असेल तर हेतूचा कीस कशाला काढावा, असे कोणी म्हणेल. आमच्या मते हेतू बदलला की काम तेच राहत नाही. आणि हा फरक देणाऱ्याच्या आधी घेणाऱ्याला कळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नियम आणि नियमनिष्ठा या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभू येशूने नियमशास्त्राची टवाळी केली नाही. पुदिन्याचा दशांश बिनचूक देणाऱ्या परुश्यांना त्याने फटकारले, ते दशांश दिल्याबद्दल नव्हे. न्याय, दया व विश्वास विसरल्याबद्दल. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ पाहा. त्याने एकही आज्ञा मोडली नाही. तो घर सोडून गेला नाही. रोज शेतावर राबला. तरीही धाकटा परत आल्यावर त्याच्या तोंडून जे बाहेर पडले ते मजुराचे गाऱ्हाणे होते. इतकी वर्षे राबलो आणि एक करडूसुद्धा मिळाले नाही, असा त्याने हिशेब मांडला. ‘माझा भाऊ’ हा शब्द त्याच्या तोंडी आलाच नाही. ‘हा तुझा मुलगा’ असे तो बापाला म्हणाला. घरात राहूनही तो घरचा झाला नव्हता. नियमनिष्ठेचे खरे दुखणे हेच आहे. तिने केलेल्या कामात खोट काढता येत नाही, परंतु त्या कामाने कोणाशी नाते जोडले जात नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेत हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. परराष्ट्रीयांतून ख्रिस्ताकडे आलेल्यांची सुंता झाली पाहिजे की नाही, यावर तिच्यात फूट पडण्याची वेळ आली होती. अंत्युखिया येथे संत पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसत असे; यरुशलेमहून काही मंडळी आली तेव्हा तो त्यांच्या भीतीने दूर सरकला, आणि संत पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. ही हकिगत संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच नमूद केली आहे. पंक्तीतून उठणे हा काही मोठा सिद्धान्त नव्हे. पण ज्याच्या शेजारून उठले त्याच्या मनाला काय वाटले असेल, हे पंक्तिभेद पाहिलेल्या आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

याच संत पौलाने पुढे यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांना त्याविषयी लिहिताना त्याच्या हाती प्रेषिताचा अधिकार होता. प्रत्येकाने अमुक इतके द्यावे, असा आदेश तो काढू शकला असता. त्याने तसे केले नाही. आपण हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असे तो स्पष्टपणे लिहितो. त्यांचे प्रेम कितपत खरे आहे एवढेच त्याला पाहावयाचे आहे. श्रीमंत असूनही आपल्यासाठी दरिद्री झालेल्या ख्रिस्ताची तो त्यांना आठवण देतो आणि कुरकुरत किंवा भिडेखातर कोणी देऊ नये असे बजावतो. वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक मंडळाने हे दोन अध्याय एकदा शांतपणे वाचावेत. आदेशाने कदाचित रक्कम वाढली असती. यरुशलेमला मात्र बांधवांकडून भेट न जाता कराचा भरणा गेला असता.

आपली कॅथलिक शिकवणही याहून वेगळी नाही. कॅथलिक लोक सत्कृत्यांच्या जोरावर स्वर्ग विकत घेऊ पाहतात, असा आरोप शतकानुशतके झाला. परंतु ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली जो निर्णय दिला त्यात असे ठामपणे म्हटले आहे की देवाशी आपले नाते जुळते ते त्याच्या कृपेने; त्याआधीचा आपला विश्वास किंवा आपली कृत्ये यांतील कशानेही ती कृपा कमावता येत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, तेव्हा या मूळ सत्याविषयी दोघांचे एकमत असल्याचे जगासमोर आले. सत्कृत्ये हे कृपेचे मोल नव्हे. ते तिचे फळ होय. ज्याला फुकट मिळाले आहे त्याने फुकट द्यावे, एवढा सरळ हिशेब त्यात आहे. किंबहुना येथे हिशेबच संपतो.

मग भीतीचे काय? नरकाच्या भीतीने, लोकलज्जेने किंवा धर्मगुरू विचारतील या धाकाने मनुष्य चांगला वागला तर ते वागणे फोल म्हणावे काय? ख्रिस्तसभा असे म्हणत नाही. केवळ शिक्षेच्या भीतीने झालेला पश्चात्ताप अपूर्ण असतो, तथापि तीही देवाचीच देणगी आहे, असे ट्रेंटने शिकविले. संत ऑगस्टीनने संत योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचने दिली. त्यांतील एका प्रवचनात त्याने शिवणकामाचा दृष्टान्त योजला आहे. कापड शिवताना आधी सुई आत शिरते. तिच्यावाचून धागा आत जाणार नाही. परंतु सुई तेथेच अडकून राहिली तर शिवण पुरी होत नाही. ती बाहेर पडली पाहिजे, तेव्हा मागून येणारा धागा कापड जोडून धरतो. भीती ही सुई आहे, प्रेम हा धागा.

हा दृष्टान्त आपल्या घरांना चांगला समजावा. लहान मुलाला आपण मिस्साला हाताला धरून नेतो, भावंडाला खाऊ वाटून दे असे दटावतो. यात काही चूक नाही. सुई अशीच आत जाते. चिंता वाटावी ती पन्नाशी-साठीच्या माणसाविषयी, ज्याच्या काळजात सुई अजून तशीच रुतलेली आहे आणि धागा आलेलाच नाही. असा मनुष्य सर्व काही पाळतो, आणि जे पाळत नाहीत त्यांच्यावर रागावतो. त्याचा राग हीच खूण आहे. ओझे वाहणाऱ्यालाच मोकळ्या माणसाचा हेवा वाटतो.

प्रेम मोकळे सुटले, नियम बाजूला सारले, म्हणजे सारे ठीक होईल काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या चरित्रात सापडते. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. त्याच्या दुसऱ्याच वर्षीची ही गोष्ट आहे. व्हिन्सेंट तेव्हा फ्रान्समधील शातियाँ या लहानशा गावात धर्मगुरू होते. ऑगस्ट महिन्यातील एका रविवारी ते मिस्साची वस्त्रे चढवीत असताना त्यांना कळविण्यात आले की गावाबाहेरच्या एका घरात सारेच आजारी पडले आहेत आणि शुश्रूषेला कोणी उरलेले नाही. त्यांनी प्रवचनात त्या कुटुंबाविषयी कळकळीने सांगितले. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तेव्हा वाटेवर बायकांची जणू मिरवणूक लागली होती. काही जाऊन परतत होत्या, काही निघाल्या होत्या. त्या घरी एकाच दिवशी इतके अन्न गोळा झाले की ते संपण्याआधी नासून जावे, आणि पुढच्या आठवड्यात त्या कुटुंबाने पुन्हा उपाशी राहावे.

प्रेम उदंड होते, व्यवस्था नव्हती. व्हिन्सेंट यांनी काही दिवसांतच गावच्या स्त्रियांना एकत्र केले, पाळ्या लावून दिल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक लेखी नियमावली तयार केली. म्हणजे येथेही नियम आलाच! परंतु तो नियम कसा आहे ते पाहण्यासारखे आहे. आजाऱ्याकडे जेवण घेऊन जाणाऱ्या स्त्रीने त्याला हसतमुखाने नमस्कार करावा, त्याचे हात धुवावेत, भोजनाची प्रार्थना म्हणावी, पोटच्या मुलाला भरवावे तशा मायेने त्याला खाण्याचा आग्रह करावा, असे त्यात बारकाईने सांगितले आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे : ज्या आजाऱ्याजवळ घरचे कोणी असेल त्याच्यापासून सुरुवात करावी आणि जो अगदी एकटा असेल त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल.

हा नियम भीतीतून जन्मलेला नाही. येथे प्रेमाने विचार केला आहे. कमीत कमी किती केले म्हणजे पुरे, असे तो सांगत नाही; एकट्या माणसाला कशाने बरे वाटेल, हे तो सांगतो. प्रेमाला नियम वर्ज्य नसतो. प्रेम स्वतःच नियम घडविते, कारण त्याला समोरचा माणूस उद्याही जेवायला हवा असतो.

अस्तित्वात असलेला नियम प्रेमाच्या आड येतो तेव्हा काय करावे, हेही व्हिन्सेंट यांनी दाखवून दिले. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली धर्मभगिनींनी मठाबाहेर पडू नये असा निर्बंध दृढ केला होता. संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६१० मध्ये स्थापन केलेल्या व्हिजिटेशन संघाच्या भगिनी प्रारंभी गरिबांच्या घरी जात असत. १६१८ साली त्यांना मठाच्या भिंतीआड जावे लागले. हे उदाहरण व्हिन्सेंट यांच्या डोळ्यांसमोर होते. १६३३ साली संत लुईज डी मारियाक यांच्यासह त्यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ सुरू केला, तेव्हा त्यांनी बंड केले नाही की पत्रके काढली नाहीत. या मुली मठवासी नव्हेत, असेच त्यांनी ठरविले. त्यांची व्रते वर्षापुरती असत व दरवर्षी नव्याने घेतली जात. गावातील रस्ते व आजाऱ्यांची घरे हाच त्यांचा मठ. नियमाचा मान राहिला आणि गरिबाचे दारही बंद झाले नाही. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरिबाचे बोलावणे आले तर उठून जावे, कारण त्यामुळे देवाला सोडून पुन्हा देवाकडेच जाणे होते, असे ते या भगिनींना सांगत.

त्याच काळात, त्याच फ्रान्समध्ये, दुसरे टोकही दिसत होते. जॅन्सेनवादी मंडळी विद्वान आणि सदाचरणी होती. परंतु त्यांची निष्ठा इतकी कठोर झाली की पवित्र कम्युनियन ही दुबळ्याची शिदोरी न राहता लायक माणसाचे बक्षीस ठरू लागली. आंत्वान आर्नो यांचा या विषयावरील ग्रंथ १६४३ साली निघाला. तो वाचून पुष्कळ भाविक वेदीपासून दूर राहू लागले. व्हिन्सेंट यांनी या प्रवाहाला सतत विरोध केला. त्या वृत्तीची छाया पुढे कित्येक पिढ्या टिकली. अखेर १९०५ मध्ये संत पोप दहावे पायस यांनी रोजच्या कम्युनियनला उत्तेजन दिले आणि १९१० मध्ये लहान मुलांसाठी वेदी खुली केली. जेथे देवाचे दानच लायकी पाहून मिळते असे मानले जाते, तेथे माणसाचे दान लायकी पाहिल्यावाचून कसे दिले जाणार?

येथे आपण आपल्या अंगणात येऊन पोचतो. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची जी सोसायटी आपल्या पुष्कळ धर्मग्रामांत कार्य करते, ती पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझनाम या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केली. तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असे त्यांना विरोधकांनी डिवचले होते. त्यांना मार्गदर्शन केले ते व्हिन्सेंट यांच्याच संघातील भगिनी रोझाली रेंडू यांनी. आणि पहिला धडा होता तो गरिबाच्या घरी स्वतः जाण्याचा. मदत पाठवून देता येते. भेट पाठवून देता येत नाही.

नाताळ जवळ आला की ठिकठिकाणी गरजूंच्या याद्या होतात. त्या करताना जी वाक्ये कानी पडतात ती आपल्या परिचयाची आहेत. या घरचा कर्ता दारू पितो. ही मंडळी मिस्साला दिसत नाहीत. या मुलीचे लग्न मंदिरात झालेले नाही. पलीकडच्या चाळीतले कुटुंब तर आपल्या धर्माचेच नाही. प्रत्येक वाक्य खरे असू शकेल. आणि पैसा मर्यादित असतो हेही खरेच. परंतु या वाक्यांच्या आधारे नाव खोडले गेले की कोणाच्या ताटातली भाकर गेली, हा प्रश्न यादीच्या कागदावर उमटत नाही. शिक्षा बापाला द्यावयाची असते. उपाशी त्याचे लेकरू राहते.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात संत योहान क्रिसोस्तम यांनी श्रीमंत मनुष्य व लाजरस यांच्या दाखल्यावर प्रवचने केली. दान देणारा मनुष्य हा बंदरासारखा असतो, असे त्यांनी तेथे सांगितले. गलबत फुटून आलेल्या माणसाला बंदर विचारीत नाही की तू सज्जन की दुर्जन. ते सर्वांनाच आसरा देते. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. वादळात सापडलेल्या होडीला दोर टाकताना नाखवा आधी नावनिशी विचारीत नाही.

मग चौकशी करूच नये काय? दारुड्याच्या हाती रोकड द्यावी काय? मुळीच नाही. प्रेमही चौकशी करते, आणि नियमनिष्ठेपेक्षा अधिक खोलात जाऊन करते. फरक हेतूत आहे. नियमनिष्ठा चौकशी करते ती नाव वगळण्याला कारण मिळावे म्हणून. प्रेम चौकशी करते ते पोचण्याची वाट सापडावी म्हणून. बाप पितो असे कळल्यावर एक यादीवर काट मारतो. दुसरा तांदूळ आईच्या हाती देतो, फी थेट शाळेत भरतो आणि त्या बापाशी बोलावयास पुन्हा एकदा जातो. माहिती तीच, परंतु तिने एकाचे दार बंद होते आणि दुसऱ्याचे उघडते.

धर्माबाहेरच्या गरिबाविषयीही हेच. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ साली आपल्या पहिल्याच विश्वपरिपत्रकात स्पष्ट केले की परोपकार हे धर्मप्रसाराचे साधन नव्हे. प्रेम विनामूल्य असते, दुसरे काही साधण्यासाठी ते केले जात नाही. आदिवासी पाड्यावर औषधे नेताना मनात जर संख्येचा हिशेब असेल, मग ती संख्या बाप्तिस्म्यांची असो, वार्षिक अहवालातील असो वा छायाचित्रांची, तर तेथील मनुष्य आपल्या यशाची पायरी झाला. प्रभूने अखेरच्या न्यायाचे जे चित्र रंगविले त्यात नीतिमान माणसे चकित होतात. आपण त्याला कधी जेवू घातले हे त्यांना आठवतही नाही. त्यांनी वही ठेवलेली नव्हती.

शेवटी एक शंका उरते. प्रेम वाटतच नसेल तर? अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सुनेला पहाटे उठताना दरवेळी उमाळा येतो असे नाही. तिने स्वतःला ढोंगी समजावे काय? कदापि नाही. प्रेम ही भावना असते त्याहून अधिक ती निष्ठा असते. संत मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला समजले की दशकानुदशके त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवलेले नव्हते. तरीही रस्त्यावरच्या मरणोन्मुख माणसाला उचलणारे त्यांचे हात थांबले नाहीत. मनात ओलावा नसताना ज्या माणसासाठी आपण उठतो, त्याच्यावर आपले प्रेम आहे. त्या वेळी रोजचा नेम, ठरलेली वेळ, घेतलेले व्रत हेच त्या प्रेमाला सावरून धरतात. नियमाचे हे काम मोठे आहे आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. १९८३ साली जारी झालेल्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत १७५२ कलमे आहेत. त्यांतील अगदी शेवटचे कलम आत्म्यांचे तारण हा सर्वोच्च कायदा असल्याची आठवण देऊन थांबते. कायद्यालाही आपण कोणासाठी आहोत हे ठाऊक आहे.

तेव्हा आपल्या सत्कृत्याचे मूळ कोठे आहे हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. काम आटोपून घरी परतताना मन काय म्हणते, एवढे ऐकावे. ‘सुटलो’ असे ते म्हणत असेल तर सुई अजून आतच आहे. त्या घरातल्या म्हाताऱ्याचा चेहरा, त्याने दोनदा सांगितलेली तीच गोष्ट, दाराशी थांबलेले पोर आपल्याबरोबर घरापर्यंत येत असतील, तर धागा ओवला गेला आहे. येत्या नाताळची यादी करताना शातियाँच्या स्त्रियांचा तो जुना नियम आपणही अवलंबून पाहावा : ज्याचे कोणी नाही त्याचे घर शेवटी घ्यावे, आणि त्यानंतर दुसरीकडे कोठे जावयाचे ठेवू नये.